बारावीनंतर पर्यावरण घ्यायचंय, गोव्यात राहून नेमकं काय शिकू?

डिचोलीची_मुलगी

नमस्कार. मी यंदा बारावी सायन्स पास झाले, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो चारही विषय होते, आणि आता घरात रोज रात्री जेवताना एकच विषय, पुढे काय. मला जंगल, पाणी, जमीन ह्याच बाजूला जायचंय, हे मी दहावीपासून सांगतेय, पण "पर्यावरण घ्यायचं" म्हणजे नक्की कुठे नाव घालायचं हे मलाच नीट कळत नाही. कुणी म्हणतं थेट एन्व्हायर्नमेंटल सायन्स बघ, कुणी म्हणतं बॉटनी घे, कॉलेजातल्या एका सरांनी जिऑलॉजीचं नाव काढलं आणि घरी ते ऐकून सगळे गप्पच झाले.

गप्प का तेही सांगते. बाबा खाणीच्या ट्रकवर होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा मी अगदी लहान, मग मध्ये थोडं सुरू झालं आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद, ते मात्र मला चांगलं आठवतं, दारात उभा ट्रक आणि बँकेचे फोन. आणि आजोबांचं शेत नाल्याकाठी, पहिल्या मोठ्या पावसात वरून लाल गाळ उतरायचा आणि लावणी केलेलं भात त्याखाली बसायचं. म्हणजे आमच्या एकाच घरात दोन्ही बाजू आहेत. बाबा म्हणतात पर्यावरणवाले म्हणजे आमचं पोट बंद करणारे, रागाने नाही म्हणत, पण म्हणतात. त्यांना नर्सिंग किंवा बीएड बरं वाटतं.

तर विचारायचं हे की बीएस्सीला कुठला विषय घ्यावा, पुढे नोकरी खरंच मिळते का, आणि गोव्याबाहेर जायची गरज आहे का. ज्यांनी ह्यातलं काही केलंय त्यांनीच प्लीज सांगा.

सुरंगीचा_वळेसर

अगं, आधी अभिनंदन. मी बॉटनीत बीएस्सी आणि एमएस्सी केलं, सध्या एका रिसर्च प्रोजेक्टवर आहे, बहुतेक काम सत्तरी तालुक्यात.

माझं स्पष्ट मत आहे की बीएस्सीला एक पक्का मूळ विषय घे, बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी ह्यातला कुठलाही, आणि पर्यावरण एमएस्सीला घे. ह्याचं एक अगदी व्यवहारी कारण आहे जे बारावीच्या मुलांना कुणी सांगत नाही. यूपीएससीची इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसची परीक्षा द्यायची तर पदवीला ठराविक विषयांपैकी किमान एक असावा लागतो, ते म्हणजे पशुसंवर्धन व पशुवैद्यक, बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, मॅथ्स, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, झूलॉजी, नाहीतर मग ॲग्रिकल्चर, फॉरेस्ट्री किंवा इंजिनिअरिंगची पदवी. ह्या यादीत एन्व्हायर्नमेंटल सायन्स हे नावच नाही. म्हणजे नुसतं पर्यावरण घेऊन पदवी केलीस आणि सोबत ह्यातला एकही विषय नसला तर जंगल खात्याची देशातली सगळ्यात मोठी परीक्षाच देता येत नाही. आज तुझ्या डोक्यात ती परीक्षा नसेलही, पण अठराव्या वर्षी दार कशाला बंद करायचं.

नेटचंही तसंच, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधन फेलोशिपसाठीची परीक्षा, यूजीसी नेटमध्ये एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस हा विषय आहे, पण सीएसआयआर नेटला बसायचं तर लाइफ सायन्सेस किंवा अर्थ, ॲटमॉस्फेरिक, ओशन अँड प्लॅनेटरी सायन्सेस घ्यावं लागतं, तिथे मूळ विषय पक्का नसला तर फार जड जातं.

आणि बॉटनीबद्दल थोडं बोलतेच, कारण लोकांना वाटतं झाडांची नावं पाठ करणं. बांबरला निरंकाराची राय आहे, देवराई, तिथे गोड्या पाण्याची दलदल आहे आणि त्यात रानटी जायफळाच्या कुळातली झाडं, त्यांची मुळं गुडघे वर काढल्यासारखी चिखलातून बाहेर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांना श्वास घ्यायचा असतो. अशी दलदल पश्चिम घाटात फार थोड्या जागी उरलीय. ती टिकली ती देवाच्या नावावर, लोकांनी तिथे कोयता लावला नाही म्हणून. आता वरच्या अंगाला कुणी बोअर मारली किंवा ओहोळ वळवला तर देव असूनही ती दलदल सुकेल. म्हणजे झाड समजायचं तर पाणी समजावं लागतं, पाणी समजायचं तर खालचा दगड, आणि ती राय का राखली गेली हे समजायचं तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसावं लागतं. मी बॉटनीवाली, पण माझा अर्धा वेळ ह्या बाकीच्या गोष्टींतच जातो आणि मला तेच आवडतं.

भूजल_आणि_जांभा

जिऑलॉजीचं नाव काढल्यावर घर गप्प झालं हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी जिऑलॉजीवाला, खाणपट्ट्यातलाच, आता पर्यावरण सल्लागार कंपनीत भूजलाचं काम बघतो.

गोव्यात जिऑलॉजी म्हणजे खाण कंपनीत नोकरी असंच समीकरण होतं आणि ते काही खोटं नव्हतं. पण तुमच्या गावाला आज जे प्रश्न आहेत त्यातले निम्मे जिऑलॉजीचे आहेत. आपल्याकडचं लोहखनिज कसं आहे बघ, वर जांभा, त्यात पावसाचं पाणी मुरतं आणि विहिरी बहुतेक त्याच थरातल्या, त्याखाली चिकणमाती, आणि त्याच्याही खाली भुसभुशीत पावडरी ओअर, आणि तो ओअर पाण्याने भरलेला असतो. म्हणजे जे खनिज काढायचं तोच खालचा जलधर, पाणी साठवणारा थर. खाणीचा खड्डा म्हणजे पीट पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसावं लागतं, मग आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जातं. गावातल्या बाईला एवढंच कळतं की मार्चमध्येच विहीर आटली. तिचं म्हणणं खरं की खोटं, खरं असेल तर किती अंतरापर्यंत आणि कुठल्या पीटमुळे, हे आकड्यांत मांडणारा माणूस लागतो, आणि तो गावातलाच असला तर लोक त्याला खरी माहिती देतात, बाहेरून आलेल्याला सगळे "बरं आहे" म्हणून वाटेला लावतात.

दुसरं रिजेक्शनचं. एक टन ओअर काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो, तो डोंगर उतारावर रचतात आणि गोव्यात वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तुझ्या आजोबांच्या शेतात आलेला गाळ हा तिथलाच. आता हे बघ, २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या, नोटिफिकेशनखाली प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल करतात, त्यात हवा, पाणी, आवाज, माती ह्यांचा मूळ डेटा बऱ्याचदा एकाच सीझनचा घेतात, आणि तो सीझन पावसाळा सोडून. जिथे सगळं नुकसान पावसात होतं तिथे कोरड्या महिन्यांतले आकडे घेऊन परिणाम ठरवायचा. मी स्वतः ह्या क्षेत्रात आहे आणि तरीही सांगतो, हे चूक आहे आणि ते बदलायला हवं, आणि ते बदलायचं तर ज्यांना अहवाल वाचता येतो अशी माणसं जनसुनावणीच्या खुर्च्यांवर समोर बसायला हवीत. सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, हे लोकांना माहीतच नसतं, लोक येतात ते भांडायला किंवा टाळ्या वाजवायला, दोन्हीकडचे.

बाबांना सांग की सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीजची नूतनीकरणं रद्द केली ती नूतनीकरण ज्या पद्धतीने झालं त्यावरून, मुलीने पर्यावरण शिकल्यामुळे कुणाचा ट्रक थांबत नाही. उलट २०२२ च्या डिसेंबरपासून ब्लॉक लिलावात निघालेत, म्हणजे खाण पुन्हा येतेय, आणि ती नीट चालली तरच टिकेल. नीट चालवायला गाळाचे बंधारे कुठे घालायचे, पंपिंग किती करायचं, डंपवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगावर, काय लावायचं हे कळणारी माणसं लागतात. ट्रकवाल्याच्या मुलीने हे काम करावं असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजचं म्हणशील तर बीएस्सी जिऑलॉजी पणजीला धेंपे कॉलेजात आणि मडगावला चौगुले कॉलेजात आहे, पुढे गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावर अप्लाइड जिऑलॉजी आणि मरीन सायन्सेस. यंदाची प्रवेशाची माहिती त्यांच्या ऑफिसातूनच घे.

रोखठोक_मडगाव

वरच्या दोघांनी छान लिहिलंय पण मुलीने नोकरीचं विचारलंय आणि त्यावर सरळ बोललं पाहिजे. सरकारी जागा आहेत पण थोड्या आणि कधी निघतील सांगता येत नाही, वनखातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ, जलस्रोत खातं. त्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीचं ज्ञान लागतं, ते तुझं असणारच. दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला हेडलँड सड्यावर अंटार्क्टिकाचं काम बघणारी एनसीपीओआर आहे, जुन्या गोव्यात एला इथे किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था. एवढ्याशा राज्यात अशा तीन राष्ट्रीय संस्था, हे आपलं नशीब आहे आणि आपली मुलं त्याचा पुरता फायदा घेत नाहीत. पण तिथे सुरुवातीला मिळतात त्या प्रोजेक्टच्या जागा, प्रोजेक्ट संपला की संपलं, हे घरी आधीच समजावून ठेव म्हणजे नंतर वाद नको.

खाजगीत सगळ्यात जास्त कामं केमिस्ट्रीवाल्यांना आहेत, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषध कंपन्या, त्यांचे सांडपाण्याचे प्लांट, लॅब, मोठ्या हॉटेलांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट. कचऱ्याचं काम वाढतंय, साळगावचा प्लांट आहे, काकोड्याचा आहे. ह्या कामाला लोक नाक मुरडतात, मुरडू नयेत, किनाऱ्यावरच्या पंचायतींचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे.

आणि कुठलाही विषय घे, जीआयएस शीक, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडणं. क्यूजीआयएस फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. ज्याला नकाशावर ओहोळ, विहिरी, शेतं, लीजची हद्द एकावर एक टाकून दाखवता येतं त्याला काम मिळतं, हे मी आजूबाजूला बघतोय. सोबत स्टॅटिस्टिक्स. नुसत्या पर्यावरणप्रेमावर पगार होत नाही बाय, हे कडू लागेल पण खरं आहे.

दिवाडीचा_शेतकार

मी काही विद्यापीठात हा विषय शिकलेला नाही, शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त, आणि आमचं खाजन आहे, खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन. पण ही मुलं विचारतात तेव्हा लिहावंसं वाटतं.

बाय, तू कुठलाही विषय घे पण एकदा भरती-सुकतीच्या वेळी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, येऊन उभी राहा. आमची शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत, मध्ये फक्त बांध, माती आणि चिऱ्यांचा, आणि बांधात मानस. लाकडी झडपा असतात, भरतीचं पाणी बाहेरून दाबायला लागलं की झडप आपोआप मिटते, सुकती लागली की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो आणि ती उघडते. वीज नाही, मोटर नाही. मिटताना लाकूड लाकडावर बसतं त्याचा आवाज येतो, मग फटींतून बारीक चिळकांड्या उडतात, त्या किती उडतात त्यावरून जुनी माणसं सांगायची की झडप कधी बदलायला हवी. जूनच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जातं मग कोरगूट पेरायचं, खाऱ्या जमिनीत तगणारं भात. बांधाच्या बाहेर खारफुटी ठेवायची कारण ती लाटांचा मार खाते. बांधात कुर्ल्या बिळं करतात, ती वेळेवर बुजवली नाहीत तर एका मोठ्या भरतीला बांध जातो आणि मग अख्ख्या शेतात खारं पाणी.

आता हे मोडतंय कशामुळे ते नीट समजून घे कारण पुस्तकात ते "हवामान बदल" एवढ्या एका शब्दात संपवतात. समुद्र चढतोय ते खरंच. पण त्याआधी माणसांची व्यवस्था मोडली. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकारीची, कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी बघणाऱ्या जुन्या संस्थेची, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली, काही ठिकाणी चांगली चालली, पुष्कळ ठिकाणी नाही. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव होतो, आणि पावणी घेणाऱ्याला मासळी जास्त हवी म्हणून काही जण मानस हवी त्यापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवतात, खारं पाणी आत, शेत पडीक. शेत एकदा पडीक पडलं की त्यात खारफुटी उगवते, आणि खारफुटी उगवली की ती तोडायची नाही असा कायदा. म्हणजे शेतकाराचं शेत कायमचं गेलं. मी खारफुटीच्या विरोधात नाही, बांधाबाहेर ती हवीच. पण बांधाच्या आतली खारफुटी आणि बाहेरची खारफुटी ह्यातला फरक उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही, दोन्ही हिरवीच दिसते, आणि मग कागदावर गोव्यातली खारफुटी वाढली म्हणून आनंद होतो. ही गोष्ट सरकारपुढे मांडायला विज्ञान, कायदा आणि शेती तिन्ही कळणारी पोरं हवीत. जुन्या कोमुनिदादीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, तेही वाचणारं कुणी उरलं नाही. तुझ्यासारख्या एखादीने ते शिकून घेतलं तर किती गावांचं काम होईल.

डिचोलीची_मुलगी

सगळ्यांना देव बरें करूं. मास्तर, मी नक्की येणार, रायबंदरहून फेरीबोट घेतली की झालं ना?

बाबांना मी भूजलवाल्या दादांचा मेसेज वाचून दाखवला, पूर्ण. ते काही बोलले नाहीत पण नंतर म्हणाले की पीटमधून उपसलेलं पाणी कुठल्या ओहोळात सोडायचे ते मला माहीत आहे, दाखवीन तुला. माझ्यासाठी हे खूप आहे.

आता बॉटनी की जिऑलॉजी ह्यात अडकलेय. आणि बाहेर जायचं की नाही ह्यावर कुणी बोललंच नाही.

दापोलीहून

बाहेर जायचं ते मी सांगते, मी मूळची पेडण्याची, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात बीएस्सी फॉरेस्ट्री करतेय, चार वर्षांचा कोर्स. महाराष्ट्राबाहेरच्या मुलांना आयसीएआरच्या, म्हणजे केंद्रीय कृषी संशोधन परिषदेच्या जागांवर यावं लागतं, त्यासाठी सीयूईटी ही देशभराची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तुझं ह्या वर्षीचं हुकलं असेल तर पुढच्या वर्षीचा विचार कर. कर्नाटकात शिरसीलाही फॉरेस्ट्री कॉलेज आहे, धारवाडच्या कृषी विद्यापीठाखाली. दोन्ही ठिकाणी जंगल आपल्याच घाटातलं, त्यामुळे शिकलेलं गोव्यात लागू पडतं.

फॉरेस्ट्रीत नर्सरी, माती, झाडाचं घनफळ मोजणं, लाकूडशास्त्र, वन्यजीव, जंगलाचे कायदे, सगळं येतं, हाताने करायचं खूप असतं, ज्याला उन्हात उभं राहायचा कंटाळा आहे त्याने येऊ नये. पण पाणी आणि खाण हे तुझे प्रश्न असतील, आणि तुझी पहिली पोस्ट वाचून तरी मला तेच वाटलं, तर फॉरेस्ट्री तुझ्यासाठी नाही. तू जंगलापेक्षा जास्त वेळा गाळाबद्दल लिहिलंयस. बीएस्सी गोव्यात कर, घरातून जा-ये होईल, खर्च कमी, आणि एमएस्सीला बाहेर बघ. डेहराडूनला एफआरआय ही वनसंशोधन संस्था आहे, वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आहे, भोपाळला वन व्यवस्थापनाची आयआयएफएम, पण तिथे एमएस्सी नाही, एमबीए. तेव्हा तुला काय हवंय ते कळलेलं असेल.

सुरंगीचा_वळेसर

मी बॉटनीवाली असूनही दापोलीवालीशी सहमत. तुझा विषय जिऑलॉजी वाटतो. बॉटनी सोबतचा विषय म्हणून मिळते का ते दोन्ही कॉलेजांत विचार, नव्या शैक्षणिक धोरणात विषयांच्या जोड्या बदलल्यात, जुन्या मुलांचं ऐकून ठरवू नकोस.

भूजल_आणि_जांभा

ठरवायच्या आधी एक काम कर, कॉलेज सुरू व्हायच्या आतच करता येईल. तुमच्या घराची किंवा शेजारची, रोज वापरातली विहीर घे. कठड्यावर एका जागी ऑइल पेंटने खूण कर आणि दरवेळी तिथूनच मोज, कारण कठडा सगळीकडे सारख्या उंचीचा नसतो. साधी मोजपट्टी, टोकाला वजन बांध, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फास, खाली सोड, पट्टीवरचा कुठला आकडा खुणेशी आला तो लिही, वर काढ, खडू जिथपर्यंत ओला झाला तो आकडा लिही, वजाबाकी केली की पाणी किती खोल ते मिळतं. त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा कर, कारण सगळे आकडे जमिनीपासून धरतात. सकाळी पंप लावायच्या आधी मोज, नाहीतर उपशाने पातळी खाली गेलेली असते आणि आकडा फसवतो. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजतं, जानेवारी, उन्हाळ्यात, ऑगस्ट आणि नोव्हेंबरला, तू पंधरवड्याला मोज, पावसाळ्यात दर आठवड्याला. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि त्या दिवशी पाऊस होता की नाही.

जांभ्यातली विहीर सप्टेंबरात भरते आणि मग झपाट्याने उतरते, ते उतरणं कसं होतं हे तुझ्या वहीत दिसेल. बाबा जो ओहोळ दाखवणार आहेत त्याच्या जवळची एक विहीर आणि लांबची एक, अशा दोन घेतल्यास तर आणखी चांगलं. आकडे जमले की इथे टाक, आलेख कसा काढायचा ते मी सांगतो.

डिचोलीची_मुलगी

ओहोळाजवळची विहीर मावशीची आहे, तिला विचारलं, हो म्हणाली. लांबची म्हणून आमचीच घेते. मोजपट्टी तीस मीटरची पुरेल ना?

भूजल_आणि_जांभा

पुरेल. कापडी घेऊ नकोस, ओली झाली की ताणते. स्टीलची घे.